मोजकीच अ‍ॅप, पण कामाची

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मुलगा डोंबिवलीला असतो, तिथे येणं-जाणं चालू असतं. फोनमध्ये नातवाने ढीगभर अ‍ॅप भरून ठेवली आहेत. रोजच्या उपयोगाची कोणती ठेवू?

उत्तर : निवृत्तिवेतन घेत असाल तर आधी 'जीवन प्रमाण'. त्याच्या जोडीला 'आधार फेस आरडी' घेतलं, की नोव्हेंबरचा हयातीचा दाखला घरबसल्या चेहरा दाखवून भरता येतो. उजेड मात्र समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर चेहरा ओळखला जात नाही आणि चिडचिड होते. दाखला मिळाल्यावर प्रमाण-क्रमांक टिपून ठेवा.

दुसरं 'डिजिलॉकर'. त्यात थेट सरकारी खात्याकडून आलेला वाहन परवाना कायद्याने मूळ प्रतीइतकाच ग्राह्य असतो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला ती मान्यता नाही. हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो.

लोकलच्या वेळांसाठी 'एम-इंडिकेटर'. मुंबईकराच्या फोनमध्ये ते बहुधा असतंच.

पैशांसाठी 'भीम' किंवा तत्सम एकच यूपीआय अ‍ॅप पुरे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी मागितला, तर बिनदिक्कत फोन ठेवून द्या.

बॅटरी वाचवणारी, फोन 'स्वच्छ' करणारी अ‍ॅप आजच काढा. जाहिरातींखेरीज त्यांतून फारसं काही मिळत नाही. खेळांचं काय ते नातवाला विचारून ठरवा!