पोलंडमधील पुरुषनामे व त्यांची व्युत्पत्ती

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली ही माणसे, त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक, इराणमार्गे आपल्याकडे आली. त्यांच्याविषयी वाचताना स्तानिस्वाव, काझिमिएझ, झ्बिग्न्येव अशी नावे भेटली. जीभ अडखळावी अशी ही नावे फोडून पाहू लागलो, तेव्हा ती आपल्या लांबच्या नात्यातली निघाली. त्याविषयी थोडे लिहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

पोलिश नावांचा सर्वांत जुना थर स्लाव सामासिक नावांचा आहे. त्यांतील 'स्वाव' म्हणजे कीर्ती. संस्कृतातील 'श्रवस्' हा त्याचाच भाऊबंद; दोहोंचे मूळ 'ऐकणे' या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूत आहे. ज्याच्याविषयी लोक ऐकतात तो कीर्तिमान, अशी ही कल्पना. बोलेस्वाव म्हणजे अधिक कीर्तीचा. महाभारतातील भूरिश्रवा आठवा; अर्थ जवळजवळ तोच! 'बोग' म्हणजे देव आणि 'दान' म्हणजे दिलेला, तेव्हा बोग्दान हा आपला देवदत्तच. झ्बिग्न्येव म्हणजे राग टाकून देणारा. काझिमिएझचा अर्थ मात्र 'शांतता मोडणारा' असा लावतात. गंमत अशी की, हेच नाव धारण करणाऱ्या तिसऱ्या काझिमिएझने (राज्यकाल १३३३ ते १३७०) कायदे लिहवून घेतले, १३६४ मध्ये क्राकूफचे विद्यापीठ स्थापिले, आणि इतिहासात त्याला 'शेतकऱ्यांचा राजा' असे बिरुद मिळाले.

९६६ मध्ये मिएश्को राजाने बाप्तिस्मा घेतला व पुढे हळूहळू संतांची नावे रुजली. सोळाव्या शतकातील त्रेन्तच्या धर्मपरिषदेनंतर तर संतांचीच नावे ठेवावीत असा चर्चचा आग्रह वाढला. जुन्या स्लाव नावांपैकी ज्यांना एखादा संत लाभला होता ती सुखरूप राहिली. स्तानिस्वाव हे त्यांपैकी प्रमुख. १०७९ मध्ये बोलेस्वाव राजाने क्राकूफचा बिशप स्तानिस्वाव याला ठार करविले. १२५३ मध्ये तो संत ठरला. मारणारा आणि मरणारा, दोघांच्याही नावात कीर्ती होती. घराघरांत टिकले ते मरणाऱ्याचे नाव.

यान, मिकोवाय, प्योत्र ही नावे बाहेरून आलेली. यान मूळ हिब्रू, मिकोवाय ग्रीक. प्योत्रही ग्रीकच, आणि येथे मी बराच वेळ थांबलो. त्याचा अर्थ खडक, दगड! ख्रिस्ताने आपल्या शिष्याला हे नाव दिले. पुढे ते राजांनी आणि शास्त्रज्ञांनी मिरवले. माझे नाव दगडू. माझ्याआधीची दोन भावंडे जगली नाहीत, म्हणून आजीने दृष्ट लागू नये असे नाव ठेवले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच; हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून होणारी खसखस मला सवयीची आहे. 'राजपत्रात देऊन बदलून टाक' असा सल्ला मित्र देतात. अर्जही आणून ठेवला आहे, अद्याप भरलेला नाही. अर्थात दोन दगडांत फरक आहे, हे मान्य केले पाहिजे. प्योत्र हा पायाचा दगड. दगडू हा कोणी उचलून नेऊ नये असा. पण आजीची ही रीत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. स्लाव कुळातीलच सर्ब लोकांत कोशकार वुक काराजिच याचे नाव 'लांडगा' असे ठेवले गेले, कारण त्याची आधीची भावंडे दगावली होती.

राजांची नावे कोठेही सापडतात. सामान्यांची कोठे शोधावी? ११३६ मध्ये पोपने ग्न्येझ्नोच्या आर्चबिशपला दिलेल्या एका लॅटिन सनदेत सुमारे चारशे दहा पोलिश नावे आहेत, गावांची आणि माणसांची. पोलिश भाषेचे अभ्यासक या सनदेला फार मानतात. त्यांतील पुष्कळ माणसे राबणारी कुळे होती. कोणते गाव व कोणती माणसे चर्चच्या मालकीची, हे सांगण्यासाठी ती यादी केलेली. म्हणजे त्यांची नावे टिकली ती दुसऱ्याची मालमत्ता म्हणून. आपल्याकडील जुनी दप्तरे चाळणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही.

असो. घरात मात्र पूर्ण नाव क्वचितच घेतात. यानचा यानेक किंवा याश होतो, स्तानिस्वावचा स्ताशेक, वोय्चेखचा वोय्तेक. दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैनिकांनी इराणमध्ये मिळालेले अस्वलाचे पिल्लू पाळले, त्याचेही नाव वोय्तेकच. आणि पोलंडमधील जुन्या पिढीत वाढदिवसापेक्षा नामदिनाचे महत्त्व अधिक. दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेखाली नावे छापलेली असतात: ४ मार्चला काझिमिएझ, १९ मार्चला यूझेफ, २४ जूनला यान. त्या दिवशी शेजारीपाजारी, कचेरीतले सोबती फुले घेऊन येतात. वय कोणी विचारत नाही.