ओहोटीच्या वेळी मोरजीत

ईस्टरच्या सुटीत मी आणि माझा मावसभाऊ मोरजीला पक्षी पाहायला गेलो. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा मोठा पट्टा आहे. तिथे जे शिकले ते थोडक्यात मांडते. तुम्ही जाणार असाल तर उपयोगी पडेल.

वेळ. ओहोटी लागली की ओली वाळू उघडी पडते. तिच्यातले किडे, लहान खेकडे खायला पक्षी उतरतात. म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून घ्या.

चोच. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावलं धावतो, थबकतो, पटकन टिपतो, कारण तो नजरेने शिकार करतो. लांब चोचीचे पक्षी मात्र चोच वाळूत खुपसून, न दिसणारं भक्ष्य चाचपून काढतात. एकाच ताटात जेवतात, पण घास वेगळा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंमत: इंग्रजीतल्या 'प्लोव्हर' या नावाचं मूळ लॅटिनमधल्या पावसाच्या शब्दात आहे. मराठीने त्याच पक्ष्याला चिखलावरून ओळखलं.

रंग. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. विणीचा हंगाम जवळ आला की डोकं तपकिरी होतं. मार्च-एप्रिलमध्ये एकाच थव्यात दोन्ही रूपं दिसतात. आम्ही वहीत दोन वेगळ्या जाती लिहून मोकळे झालो होतो!

अंतर. हा धडा मला महागात पडला. खरं तर पक्ष्यांना पडला. फोटोसाठी मी पुढे पुढे गेले आणि अख्खा थवा उठला. फोटो छान आला, मी खूश. शेजारी जाळं सोडवत बसलेले एक रापणकार काका म्हणाले, "बाय, ती जेवत होती गो."

तेव्हा काही सुचलं नाही. घरी येऊन वाचलं. हे कुरव वीण करायला तिबेट-लडाखकडच्या उंच सरोवरांवर जातात. वाटेसाठीची चरबी त्यांना इथेच, या दिवसांत साठवायची असते. उगाच उडावं लागलं की साठवलेलं खर्च होतं आणि ओहोटीचा मोजका वेळही जातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही लांबच वाळूवर बसलो. अर्ध्या तासाने चिखल्ये आपणहून जवळ आले. त्या दिवसाचा एकही फोटो माझ्याकडे नाही, पण वहीची चार पानं भरली आहेत.