पोळ्यानंतर अ‍ॅप कुणी उघडेना

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाचं कापसाचं अ‍ॅप पेरणीच्या वेळी सगळ्यांनी घेतलं, पोळ्यानंतर कुणी उघडेना. काय करावं? – एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : रोज उघडावं, हा हट्ट आधी सोडा. ई-पीक पाहणीचं सरकारी अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे. शेतकरी ते हंगामापुरतंच उघडतो, पण उघडतो. पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढते ना! तुमच्याही अ‍ॅपनं अडलेलं काम करावं. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की बोंडअळीचा इशारा लगेच जावा. वेचणी सुरू झाली की आजचाच भाव दाखवा. शिळा भाव पाहून गाडी भरलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. आणि शिवारात रेंज नसते, दरवेळी ओटीपी मागू नका.