एकच टोक धर गं

अगं, टूरवाल्याने पाठवलेलं ते पॅकेज निवांत वाचलं. सात दिवसांत हनोई, सापा, हालाँग, दा नांग, होई आन, सायगाव आणि वर कूचीची भुयारं! वाचतानाच माझे पाय दुखायला लागले. व्हिएतनाम हा उभा, लांबुडका देश आहे. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत साधारण १,६५० किलोमीटर. हनोईहून सायगावला रेल्वेने तीस तासांहून जास्त लागतात. विमानाने दोनच तास, पण विमानतळावर जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो तो जातोच. आणि रोज नव्या हॉटेलात बॅगा सोडायच्या, पुन्हा भरायच्या, सासूबाईंच्या गोळ्या शोधायच्या, हे काम कोणाच्या वाट्याला येतं ते मी तुला सांगायला नको. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, बाई: देशाचं एक टोक धर आणि तिथेच राहा.

कुठलं टोक, ते तिथली हवा ठरवेल. आपण ‘हिवाळ्यात जाऊ’ म्हणतो, पण त्या महिन्यांत तिथे तीन वेगळे ऋतू असतात. हनोईत डिसेंबर-जानेवारीत पंधरा ते वीस अंश, आभाळ बरेचदा करडं. सापाच्या डोंगरात तर पारा कधीकधी शून्याजवळ जातो. सायगाव आणि मेकाँगच्या खोऱ्यात तेव्हा कोरडं ऊन, तिशीच्या पुढचं. मधल्या पट्ट्याची गोष्टच निराळी. ईशान्येचे वारे समुद्रावरचं पाणी घेऊन येतात आणि डोंगररांगेला धडकतात, जसे आपल्याकडे जूनमध्ये नैऋत्येचे सह्याद्रीला. त्यामुळे ह्युए, दा नांग, होई आन इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोराचा पाऊस असतो आणि डिसेंबरातही तो पुरता हटत नाही. होई आनच्या गल्ल्यांत तर नदीचं पाणी शिरतं. टूरवाला हे सांगणार नाही, कारण त्याचे फोटो एप्रिलमधले असतात.

आता खरी गोम इथेच आहे. सासूबाईंना जे आवडेल, ते नेमकं या मधल्या पट्ट्यात आहे. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर मी सन नावाची जागा आहे. चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली विटांची देवळं, बहुतेक शंकराची. १९६९च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात तिथलं सर्वांत मोठं मंदिर पडलं. उरलेल्यातली काही देवळं आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने दुरुस्त केली आणि ते काम चालू असताना २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. हे बघायचं असेल तर डिसेंबर सोड आणि फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये जा. पण ‘तेत’ टाळ. ते त्यांचं नववर्ष, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येतं. सगळे गावी जातात, गाड्या भरलेल्या, दुकानं बंद.

घरातली पोरं मात्र वेगळंच काहीतरी शोधायला निघतील. व्हिएतनामने महाराजांच्या गनिमी काव्यावरून धडा घेतला, तिथे त्यांचा पुतळा आहे, असा फॉरवर्ड दर शिवजयंतीला फिरतो. त्याला कसलाही पुरावा नाही. पुतळ्यासाठी टॅक्सी फिरवत बसू नका. महाराजांचं दर्शन घ्यायला आपल्याच भिवंडी तालुक्यात मराडेपाड्याला मंदिर झालंय.

नाताळच्या सुट्टीशिवाय जमतच नसेल, तर मी हनोईचं टोक घेईन. सापा गाळायचं. हनोई आणि हालाँगची खाडी एवढंच. आणि एक दिवस जावईबापूंसाठी वान फुकला. हनोईतच आहे हे रेशीम विणणाऱ्यांचं गाव आणि तिथे माग विजेवर चालतात. लूमच्या खडखडाटात ज्यांचा जन्म गेला, त्यांना परदेशात बायकोमागे दुकानं फिरण्यापेक्षा तिथला तागा हातात घेऊन भाव विचारायला जास्त आवडेल. सासूबाईंचे सांधे थंडीने धरत असतील, तर मात्र सरळ दक्षिण टोक: सायगाव, मेकाँगमधली बोट आणि हवं तर फु कुओक बेट.

कागदपत्रांचं आत्ताच बघ. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. सासूबाईंचा नवा काढायचा आहे, तर ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घेऊन टाक. तुझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. घाबरू नकोस, लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं नाही. फक्त तिकीट आणि व्हिसा दोन्हीवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षरशः तसंच घाल. ई-व्हिसा २५ डॉलरचा, नव्वद दिवसांपर्यंतचा. तो व्हिएतनाम सरकारच्याच संकेतस्थळावरून काढ. तसल्याच नावाच्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पॅकेज घेतलंस तर टूरवाला बिलावर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, लावेल. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. म्हणून घरात जो रिटर्न भरतो त्याच्याच पॅनवर बिल करायला लाव.

एका रुपयाला साधारण तीनशे डाँग. म्हणजे पहिल्याच दिवशी तू लखपती. पण वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच, तेव्हा पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेव.

खाण्याची काळजी तुला उगाच वाटते. आपण भात-मासळी खाणारी माणसं, तिथेही तेच. बान्ह सेओ म्हणून एक प्रकार मिळतो: तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध आणि आत कोलंबी. सासूबाई त्याला घावनच म्हणतील. ‘फो गा’ कोंबडीचा, ‘फो बॉ’ गाईच्या मांसाचा, एवढं पाठ कर. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्षातले गुरुवार येतात आणि तिथे भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. त्या दिवशी रोमन अक्षरांत ‘चाय’ (chay) लिहिलेली पाटी शोध. ती शाकाहारी खानावळ. तिथले बौद्ध लोकही महिन्यातल्या ठरावीक तिथींना तसंच जेवतात, त्यामुळे शहरात अशी ठिकाणं सापडतात. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट घे. लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते मोठ्या बॅगेत. आणि सुकट-बोंबील तर नेऊच नकोस, तिथल्या बाजारात सुक्या मासळीचे ढीग असतात.

निघायच्या दिवशी मानकोली आणि काशेळीचा ट्रॅफिक धरून वेळ काढ. भिवंडीहून मुंबई विमानतळ नकाशावर जवळ दिसतं, पण नकाशावर कंटेनर दिसत नाहीत.

एक आतली गोष्ट. जागा ठरवताना तू सगळ्यांना विचारलंस, त्यात तुझं स्वतःचं काहीच नव्हतं. तुला होई आनला कपडे शिवून घ्यायचेत ना? मग मार्चचं मनावर घे, परीक्षांच्या तारखा बघ आणि तसं घरात बोल. नसेल जमत तर हनोईत एक सकाळ फक्त तुझी ठेव. बाकीचे नाश्ता आपापला करतील, हॉटेलात असतोच.

आणि तारीख ठरली की तुळशीचं लग्न लागायच्या आत तिकिटं काढून मोकळी हो. नंतर पत्रिका यायला लागतात आणि आपल्याकडे नेमक्या त्याच आठवड्यात कोणाची तरी हळद निघते. नुसता विचार चाललाय म्हटलंस, तर तुला सगळे थांबवून घेतील. तिकिटं काढलीत म्हटलंस, तर आहेर आधी पोचवून ये म्हणतील, एवढंच.