डाव्या काखेत हात ठेवून पाहा

चिंगी वाचली, हे आधीच सांगते. माझा राग मात्र अजून शांत झालेला नाही.

पिल्लू अकोल्याहून आणलेलं. पोमेरेनियन, मादी. अमरावतीला घरी आल्यापासून दोन उड्या मारल्या की आडवी व्हायची. इथल्या एका डॉक्टरांनी जंताचं औषध आणि टॉनिक लिहून दिलं. "अशक्तपणा आहे, भरेल हळूहळू." स्टेथोस्कोप लावला होता, पण छातीच्या खालच्या बाजूला आणि क्षणभरच. मला ते पटलं नव्हतं, म्हणून मी दुसरीकडे गेले.

दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप वर सरकवत डाव्या काखेत, पुढच्या पायाच्या आत नेला आणि बराच वेळ हलवलाच नाही. मग माझी बोटं धरून तिथे टेकवली. "ताई, काय लागतंय?" मांजर गुरगुरावं तशी थरथर लागत होती, आणि ती ठोक्यांच्या मधल्या वेळातही थांबत नव्हती. आजाराचं नाव मला नंतर कळलं. त्या क्षणी डोक्यात आला तो विकणारा. वर्षानुवर्षं पिल्लं हातात खेळवणाऱ्याच्या बोटांना हे लागलं नसेल?

घरी येऊन फोन लावला. "ताई, मले काय मालूम तिच्या छातीत काय हाय? देताना तं चांगली होती. तुम्हीच कायतरी खाऊ घातलं असन." मी रिपोर्टचं बोलले, तर म्हणाला, "वापस आणा, दुसरं पिल्लू घेऊन जा. कुत्रंच हाय ना थे." माझ्या मांडीवर धापा टाकत पडलेल्या जिवाबद्दल तो हे बोलत होता. पुढे त्याच आईचं पिल्लू नेलेलं मूर्तिजापूरचं एक कुटुंब भेटलं. त्यांचं पिल्लू धाप लागूनच गेलं होतं आणि बदल्यात दुसरं मिळालं होतं, माझ्या फोनच्या कितीतरी आधी. म्हणजे त्याला माहीत होतं.

या आजाराला डॉक्टर पीडीए म्हणतात. आईच्या पोटात पिल्लाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. मिटली नाही, तर शरीराकडे निघालेलं रक्त पुन्हा फुप्फुसात शिरतं आणि हृदयाच्या डाव्या बाजूवर ताण पडून ते फुगत जातं. पोमेरेनियन, पूडल, जर्मन शेफर्ड या जातींत हा दोष जास्त दिसतो, आणि नरांपेक्षा मादीत जास्त. तो रक्तातून उतरतो. उपचार नाही केले, तर निम्म्याहून अधिक पिल्लं वर्षभरात दगावतात. वेळेत नळी बंद केली, तर कुत्रं इतर कुत्र्यांसारखं पूर्ण आयुष्य जगू शकतं. हे कळल्यावर "अशक्तपणा आहे" हे शब्द मला जास्तच लागले.

"गोळीनं बंद होते" असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये इंडोमेथासिननं ही नळी मिटवतात. कुत्र्यांमध्ये ते चालत नाही, कारण न मिटलेल्या नळीच्या भिंतीत आकसायला पुरेसा स्नायूच नसतो. फ्युरोसेमाइडनं फुप्फुसातलं पाणी उतरतं, पिमोबेंडाननं हृदयाला आधार मिळतो. ऑपरेशनपर्यंत तग धरायला ही औषधं लागतात, पण नळी उघडीच राहते. ती बंद करायचे मार्ग दोन. एक, मांडीच्या धमनीतून तार नेऊन जाळीदार बूच बसवणं. दुसरा, डाव्या बरगड्यांमधून छाती उघडून नळी दोऱ्यानं बांधणं. फार लहान कुत्र्याची धमनी बुचाला पुरत नाही. चिंगीची नळी मुंबईत दोऱ्यानं बांधली. माणसांत हे ऑपरेशन पहिल्यांदा १९३८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीवर केलं. पुढे निळ्या पडणाऱ्या बाळांचं ऑपरेशन बाल्टिमोरला आधी कुत्र्यांवरच शिकून घेतलं गेलं. त्यातल्या ॲना नावाच्या कुत्रीचं चित्र जॉन्स हॉपकिन्समध्ये लावलेलं आहे. आणि आमच्याकडे ऐकायला मिळतं, "कुत्रंच हाय ना थे."

ऑपरेशनआधी कलर डॉपलर इको झालीच पाहिजे. काही कुत्र्यांत रक्त उलट वाहू लागलेलं असतं. हिरड्या गुलाबी आणि मागचा भाग निळसर दिसतो, रक्त घट्ट होतं. तेव्हा नळी बांधली, तर कुत्रं मरतं. सर्जनला विचारा, छाती उघडून किती ऑपरेशनं केलीत, श्वास देणारं यंत्र आहे का. त्यांना राग आला तरी विचारा.

घरी झोपेतले श्वास मोजा. मिनिटाला ३० च्या वर सतत जात असतील, तर डॉक्टरांना कळवा. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अशा कुत्र्याला दुपारी बाहेर काढू नका. इकोसाठी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करा. रेल्वेनं मुंबईला न्यायचं, तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूप किंवा केबिन मिळाली तरच कुत्रं जवळ ठेवता येतं, एरवी गार्डच्या डब्यातली पेटी. धापा टाकणाऱ्या पिल्लाला त्या पेटीत घालू नका, गाडी करा. सगळे कागद जपून ठेवा. आणि धीर सोडू नका.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. नोंदणीचा कागद मागा, पावती मागा. मी मागितली तेव्हा हसून उत्तर मिळालं, "कुत्र्याची कोणी पावती देते का?" पावती न देणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नका. आईवडील दाखवायला सांगा आणि पैसे देण्याआधी स्वतः पिल्लाच्या डाव्या काखेत बोटं टेकवा. काही लागलं नाही, तरी आठवड्याभरात डॉक्टरांना तिथेच स्टेथोस्कोप लावायला सांगा, कारण प्रत्येक दोष हाताला लागत नाही.

चिंगीच्या आईला पुन्हा पिल्लं झाली आहेत आणि ती विक्रीला आहेत.