वापरातलं इंजिन की भंगारातलं? मॉडेल रेल्वेच्या वेदरिंगची ऑर्डर घेण्याआधी



ग्राहक आपलं नवंकोरं मॉडेल इंजिन तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, "हे रोज धावणारं दिसलं पाहिजे." या कामाला वेदरिंग म्हणतात. व्हिडिओमध्ये हात कसा चालवायचा ते दाखवलंय, इथे त्यामागचा विचार सांगतो.

माझी पहिलीच ऑर्डर परत आली होती. डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन, एचओ स्केल म्हणजे १:८७. खरं इंजिन साधारण १७ मीटरचं, मॉडेल जेमतेम २० सेंटिमीटर. मी हौसेने सगळीकडे गंज मारला. ग्राहक बघून म्हणाले, "अहो, माझे वडील दौंडला हे इंजिन चालवायचे. तुम्ही तर ते भंगारात काढलंत!" अख्खी बॉडी फुकटात पुन्हा रंगवून द्यावी लागली.

तेव्हापासून ब्रश उचलण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हा मळ इथे आला कुठून? आल्को जातीचं डिझेल इंजिन काळा धूर ओकतं, म्हणून काजळी छतावर, धुराड्याभोवती. आणि ते दोन्ही दिशांनी धावतं, त्यामुळे काजळीही धुराड्याच्या दोन्ही बाजूंना पसरते. ब्रेकचा लोखंडी भुगा बोगीवर बसतो, तिथे विटकरी-तपकिरी. टाकीच्या तोंडाखाली सांडलेल्या डिझेलचा ओघळ मात्र काळपट आणि चकचकीत, कारण तेल धूळ धरतं. दाराजवळचे दांडे हाताने घासून उजळतात. खरं तर गंज सगळ्यात कमी लागतो.

आता काम. आधी बॉडी चेसिसपासून वेगळी करा, फोटो काढून ठेवा. जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, तेही आतल्या बाजूला थेंबभर लावून बघून. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर नको, प्लास्टिक विरघळतं. साबणाने धुवा, करडा प्रायमर मारा, मग आधी फिका रंग, नंतर गडद. चकचकीत कोट, त्यावर नंबरचे डेकल, मग ॲक्रिलिक मॅट कोट. तो पूर्ण सुकला की टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी ऑइल कलर लावा आणि ब्रशने वरून खाली ओढा. खाली ॲक्रिलिक असल्यामुळे चुकलं तर पुसता येतं. काजळीला काळ्या ड्राय पेस्टलची पूड पुरते. चाकांच्या रुळाला टेकणाऱ्या भागावर रंग जाऊ देऊ नका. वीज तिथूनच येते, नाहीतर इंजिन जागचं हलणार नाही.

दराचं बोलू. समजा सामान ६०० रुपयांचं आणि प्रत्यक्ष हाताचं काम ९ तास. तासाला २०० धरले तरी २,४०० होतात. आपले लोक १,००० सांगून मोकळे होतात! सुकण्याचे दिवस दरात नाही, पण तारखेत धरा. आणि ॲडव्हान्स घेण्याआधी ग्राहकाकडून खऱ्या इंजिनाचा फोटो घ्या, "एवढंच मळकट" असं त्यावर ठरवा.

ते दौंडवाले ग्राहक? दुसऱ्या वेळी मी काजळी, थोडी धूळ आणि दाराजवळचा एक उजळ दांडा एवढंच ठेवलं. दांडा बघूनच त्यांनी पाकीट काढलं.

डिझेलचा ओघळ पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर एखाद्या जुन्या डब्यावर हात बसवा.