स्टँड टाकीनं मोडलं नाही

टाकी मी जास्त भरली म्हणून स्टँड बसलं, असं ते बनवणारे आमचे मिस्त्री सोसायटीभर सांगत फिरतात, म्हणून हे लिहायला घेतलं. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच माशांच्या टाकीत काठोकाठ भरलं तरी सव्वाशे लिटरच्या आसपासच पाणी मावतं. लिटरला एक किलो. काच, वाळू, दगड धरून दीडशेच्या वर. हा आकडा मी त्यांना आधीच कागदावर लिहून दिला होता.

आमच्या द्रोणागिरीत लाकूड स्वस्त पडतं. बंदर शेजारी, कंटेनरमधून आलेली पाइनची पॅलेट भंगारात निघतात. स्टँड त्याचंच केलं, आणि लाकूड चांगलंच होतं. वरची चौकट पायांच्या डोक्यावर टेकवा, असं मी घसा कोरडा करून सांगत होतो. मिस्त्रींनी ती पायांच्या मधे धरली आणि बाजूनं स्क्रू मारले. "साहेब, काही होत नाही," म्हणत स्वतः वर उभे राहून दाखवलं. माणूस मिनिटभर उभा राहून उतरतो. टाकी रात्रंदिवस तिथेच असते.

पावसाळ्यात एका सकाळी टाकीतलं पाणी डावीकडे जास्त वर दिसलं. पाणी तिरकं होत नाही, म्हणजे टाकीच कलली होती. बॅटरी मारून खाली पाहिलं. चौकट पायावरून बोटभर घसरलेली, स्क्रू गंजून वाकलेले, भोकं खालच्या बाजूला लांबट फाटलेली. मासे टबात घेतले, बादल्यांनी पाणी उपसलं, तरी तळाची काच कोपऱ्यात तडकलीच. मिस्त्रींना फोटो पाठवले. "पॅलेटचं लाकूड असंच असतं," एवढंच उत्तर. पैशांचा विषय काढला तेव्हापासून फोन उचलत नाहीत.

तुम्ही असं स्टँड करून घेणार असाल तर आधी पॅलेटवरचा शिक्का बघून घ्या. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नको. वजन लाकडावरून लाकडावर उतरायला हवं, स्क्रूनं फक्त धरून ठेवायचं. मागे तिरकी पट्टी हवीच, नाहीतर स्टँड झुलतं. खाडीच्या हवेत स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. वर प्लाय टाकायचा तर पाण्यात टिकणारा, आयएस ७१० छापलेला. कामाची घाई करू नका. मिस्त्रींना चित्र काढून द्या, आणि मजुरीतले थोडे पैसे टाकी भरून आठवडा होईपर्यंत हातात ठेवा. टाकीखाली थर्माकोल घाला, आधी अर्धीच भरा, पाणसळ लावून बघा, रात्र जाऊ द्या आणि सकाळी पुन्हा पाणसळ लावूनच उरलेलं पाणी ओता.